पुढचं शीड लावायचं कसं: हँक, फॉइल की फर्लर? (बावीस फुटी बोट, खडकवासला)

अर्धा_मालक
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या. मी आणि माझ्या मेव्हण्याने मिळून एक जुनी बावीस फुटी बोट घेतली आहे (म्हणून आयडी अर्धा मालक, कुठला अर्धा ते अजून ठरलेलं नाही, मेव्हण्याच्या मते बिलं येतात तो अर्धा माझा). कील (तळाखालचं वजनदार पातं) वर ओढून घेता येते म्हणून खडकवासल्याला चालते, नाहीतर मे महिन्यात पाणी खाली गेलं की बोट चिखलात रुतून बसली असती. फ्रॅक्शनल रिग आहे, म्हणजे फोरस्टे (बोटीच्या पुढच्या टोकापासून डोलकाठीला जाणारी तार) डोलकाठीच्या टोकापर्यंत जात नाही, थोडा खालीच संपतो. पुढची शिडं दोन, एक १०० टक्के जिब (लहान शीड) आणि एक जुना १४० चा जेनोआ (मोठं शीड). क्रू म्हणजे मी, मेव्हणा, आणि माझी मुलगी, ती अकरावीत आहे आणि आमच्या दोघांपेक्षा बरी चालवते.

प्रश्न असा की फोरस्टेवर प्लास्टिकचं दोन खाचांचं फॉइल आहे, शिडाच्या पुढच्या कडेला शिवलेली दोरीची पट्टी त्या खाचेत सरकवून शीड वर ओढायचं. ते फॉइल उन्हाने पिवळं पडलंय, तीन ठिकाणी तडकलंय, शीड अर्ध्यात अडकतं. मागच्या रविवारी साडेतीनच्या सुमाराला पश्चिमेचा वारा एकदम वाढला, तुम्हाला माहितीच आहे एप्रिलमध्ये कसा येतो ते, पानशेतच्या बाजूने पाणी काळं होत येतं आणि दोन मिनिटांत डोक्यावर. मी म्हटलं जेनोआ उतरवा. मेव्हण्याने हॅलियार्ड (शीड वर ओढायची दोरी) सोडला आणि जे शीड चढताना तीनदा अडकलं होतं ते उतरताना सळकन आलं, खाचेतून पूर्ण सुटलं, अर्धं डेकवर अर्धं पाण्यात. पाण्यातलं अर्धं नाळेखाली, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखाली गेलं. ओली गोधडी विहिरीतून काढल्यासारखं आम्ही दोघे ते ओढत होतो आणि मुलगी एकटी मेनवर (मागच्या मुख्य शिडावर) बोट किनाऱ्यापासून लांब ठेवत होती. काही झालं नाही, पण घरी आल्यावर बायकोला अर्धीच गोष्ट सांगितली.

आता नवीन फॉइल घ्यायचं, का ते काढून टाकून जुन्या पद्धतीचे हँक (शिडाची कड तारेला अडकवणाऱ्या कड्या) लावायचे, का फर्लर (शीड तारेभोवती गुंडाळणारं यंत्र)? क्लबच्या रेस खेळतो, अगदी शेवटी येत नाही, पण पहिलेही येत नाही. फॉइलचं कोटेशन आलंय, ते वाचल्यापासून मेव्हणा फोन उचलत नाहीये.

मुठेचा_मासा
रविवार, रात्री १०:१५

फर्लर घे आणि सुखी हो. माझी बोट मांडव्याला असते, सात वर्षं फर्लर वापरतोय. दोरी ओढली की शीड गुंडाळलं, पुढे जायचं नाही, ओलं व्हायचं नाही. वय झालं की कळतं. नौदलाच्या म्हादेई, तारिणी यांचे फोटो बघ, पुढे गुंडाळलेलीच शिडं दिसतील.

फडफड
रविवार, रात्री १०:५०

मासाभाऊ, त्या ५६ फुटी, पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या बोटी. हा माणूस पाऊण तासाच्या रेसबद्दल विचारतोय.

अर्धा_मालक, रेससाठी फर्लर नको, कारण सांगतो. एक, ड्रम खाली बसतो त्यामुळे शिडाची खालची कड डेकपासून वर उचलली जाते आणि त्या फटीतून जास्त दाबाच्या बाजूची हवा कमी दाबाच्या बाजूला पळते, डेकला घासणारा जिब असतो तो उगाच नसतो. दोन, वर फिरणारा स्विव्हल आणि फोरस्टेभर फॉइल, म्हणजे वजन उंचावर, छोट्या बोटीत उंचावरचा प्रत्येक किलो झुकताना जाणवतो. तीन, अर्धवट गुंडाळलेलं शीड. मधला फुगा जातच नाही, उलट गुंडाळलेल्या भागाचा पुढे जाड ठोकळा होतो आणि वाऱ्याकडे चढायचं म्हटलं की बोट आडवी चालायला लागते. चार, हॅलियार्ड वर स्विव्हलपासून जरा मागे झुकलेला हवा, नाहीतर तोच फोरस्टेभोवती गुंडाळला जातो आणि मग ना उघडत ना मिटत.

फॉइलचा फायदा एकच पण खरा आहे, पुढची कड सलग असते. हँकमध्ये तार आणि कापड यांच्यात फट राहते, आणि हॅलियार्ड जरा ढिला असला की प्रत्येक दोन हँकच्या मध्ये कापड आत ओढलं जाऊन झालर होते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी वारा चार नॉट असतो तेव्हा ही झालर मला दिसते आणि माझी झोप उडते.

कोथरूडकर_७
रविवार, रात्री ११:२०

मी बोटीतला नाही, चौपाटीवर कणीस खाता खाता लांबून बघणारा आहे. पण हे हँक म्हणजे पडद्याला असतात तसे हुकच ना? तुळशीबागेत डझनावर मिळतील की.

नाना_तांडेल
सोमवार, सकाळी ६:०५

हसू नका कोथरूडकरांना, तत्त्व तेच आहे. पडदा, दांडी आणि कड्या. फक्त इथे दांडी उभी, आणि पडद्यात वारा भरलेला.

अर्धे मालक, माझा पहिला प्रश्न वेगळाच आहे. त्या फॉइलच्या आतली तार शेवटची कोणी आणि कधी बघितली? फॉइल म्हणजे बुरखा. आत काय चाललंय ते वर्षानुवर्षं कळत नाही. नवीन घ्या नाहीतर जुनं राहू द्या, आधी ते काढून तार बघा. खालच्या टोकाला जिथे तार दाबून फिटिंगमध्ये बसवलेली असते ना, तिथे पाणी मुरतं.

डिंगी_दीदी
सोमवार, सकाळी ८:३०

नानांशी सहमत. बाकी मला वाटतं चर्चा उलट्या टोकाकडून चाललीये, शीड वर कसं जातं आणि वर गेल्यावर कसं दिसतं याच्यावर. वर जाताना सगळेच शहाणे असतात. खाली येताना शीड कुठे जातं आणि त्या वेळी पुढे कोण असतं ते विचारा, तीन माणसांच्या बोटीत बाकी सगळं नंतर.

फॉइलमधून सुटलेलं शीड दोनच ठिकाणी बांधलेलं असतं, टॅकला (पुढचा खालचा कोपरा) आणि हॅलियार्डला. मधली सगळी कड मोकळी. मोठ्या रेसिंग बोटीवर पुढे दोन-तीन जण गुडघे टेकून कापड आत ओढायला बसलेले असतात, त्यांचं कामच ते. तुमच्याकडे मेव्हणा. हँकवालं शीड खाली आलं तरी तारेला अडकून राहतं, घडीघडीने नाळेवर ढीग होतो, पाण्यात जायचं म्हटलं तरी पूर्ण जात नाही.

आता दोन खाचांचा विचार करा. दोन खाचा कशासाठी, तर जुनं शीड वर असतानाच नवीन दुसऱ्या खाचेतून चढवायचं आणि मग जुनं उतरवायचं, म्हणजे रेसमध्ये एक क्षणही पुढे शीड नाही असं होत नाही. मस्त आहे, पण तुम्ही पाऊण तासाच्या रेसमध्ये शीड बदलता का? आपल्याकडे कोणीच बदलत नाही. स्टार्टच्या आधी आकाशाकडे बघून जिब का जेनोआ ठरवायचं आणि मग रडत किंवा हसत तोच शेवटपर्यंत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे मोजताय ती तुम्ही वापरणारच नाही. स्पिनेकर (वारा मागून असतानाचं फुग्यासारखं शीड) उडवत असाल तर तिथेसुद्धा हँक सोपे पडतात, जेनोआ खाली पाडून ठेवला आणि खालच्या मार्कच्या (वळायच्या खुणेच्या) आधी नुसता हॅलियार्ड ओढला की वर. फॉइल असेल तर पट्टी पुन्हा खाचेच्या तोंडाशी सरळ जातेय का ते बघायला तिथे एक माणूस लागतो, आणि प्रीफीडर लागतो, तो तुमच्याकडे आहे का?

जे-२४ घ्या, १९७७ पासूनची बोट, जगभर अटीतटीच्या रेस होतात तिच्या, आणि पुढचं शीड हँकनेच लावतात. तिथले लोक काय वेग कळत नाही म्हणून हँक वापरतात का?

अर्धा_मालक
सोमवार, दुपारी १:१०

प्रीफीडर म्हणजे ते छोटं दोन रोलरचं असतं ते का? ते आहे, मला वाटलं बाटली उघडायचं आहे. जेवणाच्या सुट्टीत हे वाचतोय आणि शेजारचा कलीग विचारतोय का हसतोस.

एक शंका. आमच्या क्लबात एंटरप्राइज डिंग्या (छोट्या उघड्या बोटी) आहेत, त्यांच्या जिबला ना हँक ना फॉइल, नुसतं टॅकला अडकवतात आणि ओढतात. आम्ही तसंच का करू नये? फुकटात झालं.

डिंगी_दीदी
सोमवार, दुपारी २:००

चांगला प्रश्न, माझी सगळी कारकीर्द एंटरप्राइजमध्ये गेली म्हणून सविस्तर सांगते. ती निळ्या शिडांची बोट, १९५६ ची, जॅक होल्टने काढलेली, १३ फूट ३ इंच. तिच्यात जिबच्या पुढच्या कडेतच स्टीलची वायर शिवलेली असते. हॅलियार्डही तारेचा. शीड वर गेलं की खाली लीव्हर मारायचा किंवा पुल्यांनी खेचायचं, आणि डोलकाठीचा सगळा पुढचा ताण त्या कडेतल्या वायरवर येतो. नीट सेट केलेली एंटरप्राइज बघा, फोरस्टे चक्क ढिला लोंबकळत असतो. तो फक्त जिब नसताना काठी मागे पडू नये म्हणून. म्हणजे तिथे शीड फोरस्टेला लावलेलं नाही, शीडच फोरस्टे आहे!

तुमच्या बोटीत असं करायचं तर हॅलियार्ड, वरची पुली, खालचा क्लीट सगळं त्या ताणासाठी बनवलेलं हवं. नसेल तर कडा वाऱ्याखाली धनुष्यासारखी वाकणार, शीड फुगीर होणार आणि बोट वर चढणार नाही. शिवाय उतरताना तोच प्रश्न, मोकळं कापड. तेरा फुटी डिंगीत ते छोटंसं असतं, मांडीखाली दाबून बसता येतं. तुमचा १४० चा जेनोआ मांडीखाली दाबून दाखवा.

नाना_तांडेल
सोमवार, संध्याकाळी ७:२०

फायरबॉल डिंगीलाही तसंच. १९८२ च्या एशियाडला मुंबईच्या पाण्यात फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्ये सुवर्ण आणलं. त्या वेळी आम्ही तरुण होतो, दुसऱ्या दिवसापासून जो तो आपापल्या बोटीचा जिब ताणायला लागला. माझ्या एका मित्राने इतका ताणला की काठी बसायची जागाच खाली दबली. ताण हवा, पण सांगाड्याला झेपेल तेवढाच.

फडफड
सोमवार, रात्री ८:००

दीदी, मुद्दे मान्य, तरी एक पर्याय राहिला. चेन! म्हणजे शिडाच्या कडेला फोरस्टेभोवती गुंडाळणारी कापडी बाही आणि तिला जॅकेटसारखी चेन. कड सलग, फॉइल नाही, वजन नाही, आणि शीड तारेला अडकूनच राहतं. दोन्हीतलं चांगलं.

डिंगी_दीदी
सोमवार, रात्री ८:४०

आणि दोन्हीतलं वाईटही. बाही खाली येताना तारेवर गोळा होऊन अडकते, ओली असली तर जास्तच. चेनचा एक दात गेला की मध्येच तोंड उघडतं. बोट कोरड्या जागी असेल, दरवेळी शीड लावायला काढायला वेळ असेल तर ठीक. खडकवासल्याची मे महिन्यातली धूळ चेनमध्ये गेली की ट्रॅव्हल बॅगेची चेन आठवा, स्टेशनवर गाडी सुटतानाची.

मुठेचा_मासा
सोमवार, रात्री ९:१०

मी अजूनही फर्लर म्हणतो. पण ठीके, रेस खेळणारी माणसं वेगळीच असतात.

अर्धा_मालक
पुढचा रविवार, रात्री ८:३०

अपडेट. नाना, तुमच्या पाया पडतो.

काल सकाळी काठी खाली घेतली. पाच माणसं लागली, त्यातले दोघे शेजारच्या सोसायटीतले, त्यांना भजी कबूल केली होती. फॉइल प्लास्टिकचं आणि मागच्या बाजूने फाकणारं आहे त्यामुळे खालच्या टोकापासून सोलत गेलो, शेवग्याची शेंग सोलतात तसं, तडकलेल्या जागी आपोआपच तुकडे पडले. आणि खालच्या फिटिंगच्या तोंडाशी तारेवर तपकिरी डाग. कापडाने पुसायला गेलो तर कापड अडकलं. एकोणीस तारांपैकी एक तुटून बाहेर आलेली, माशाच्या काट्यासारखी, वाकवून बघितली तर शेजारची दुसरी पण हलते. मुलगी म्हणाली बाबा मागच्या रविवारी आपण याच्यावरच होतो ना. मी म्हटलं हो आणि दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही, भजीवालेसुद्धा.

म्हणजे आता फोरस्टे नवीन. आणि फॉइल गेलंच आहे तर हँकच. फर्लरचं मासाभाऊ पुढच्या जन्मी. मेव्हणा फोन उचलायला लागलाय.

आता पुढचे प्रश्न. पितळी हँक का दोरीचे सॉफ्ट हँक? किती लावायचे? आणि आमची शिडं फॉइलची आहेत, दोरीची पट्टी शिवलेली, त्यांचं काय करायचं?

नाना_तांडेल
सोमवार, सकाळी ६:००

पाया माझ्या नको, तारेच्या पडा, तिने आठवडाभर धीर धरला. आता एक करा, बाजूचे श्राउड (काठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा) पण त्याच वयाचे असणार. त्यांचीही फिटिंगं कापडाने पुसून बघा, आणि हाताने नाही, जुन्या मोज्याने, मोजा अडकतो, बोट वाचतं. नवीन फोरस्टेची लांबी जुन्यावरून मोजून घ्या, ढोबळ नको. तार दोन बोटं लांब आली तरी काठी मागे कलते आणि बोट वाऱ्याकडे तोंड फिरवायला लागते, मग महिनाभर सुकाणूशी भांडत बसाल.

फडफड
सोमवार, सकाळी ९:४५

पितळी पिस्टन हँक: एका हाताने उघडतात, घाईत बरे, स्टीलच्या तारेपेक्षा पितळ मऊ त्यामुळे झिजला तर हँक झिजतो, तार नाही. म्हणून स्टीलचे हँक घेऊ नको, ते तारेलाच खातात. वाईट बाजू म्हणजे वजन, टॅक करताना (वाऱ्यातून बोट वळवताना) खडखडाट, आणि शीट (शीड मागे ओढून धरायची दोरी) ढिली असताना कधीकधी दोरी हँकमध्ये अडकते. पिस्टन अडकायला लागला तर तेल घालू नको, तेलाला धूळ चिकटते आणि शिडावर डाग पडतो, सुकं सिलिकॉन किंवा नुसतं गोड्या पाण्याने धुणं. आपलं पाणी गोडंच आहे, तेवढं एक सुख.

सॉफ्ट हँक: डायनीमा दोरीची कडी, एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला फास, गाठ फासातून घालायची. वजन नगण्य, काठीला टकटक नाही, घरी बनवता येतात, एक गेला तर खिशातून दुसरा. वाईट बाजू, ओल्या थंड बोटांनी उघडायला वेळ लागतो. आणि तारेचा एक जरी काटा बाहेर असेल तर सॉफ्ट हँकला तो करवतीसारखा. तुझी तार नवीन असेल तर चालेल.

तिसरा प्रकार प्लास्टिकचे टिचबटणवाले कापडी पट्टे, हलके, चटकन लागतात, पण ऊन खाऊन बटण निसटायला लागतं. तुझ्या जेनोआला मी नाही लावणार.

डिंगी_दीदी
सोमवार, सकाळी ११:१५

दोरीची पट्टी काढू नका, राहू द्या, ती कडेला ताकद देते. पट्टीच्या लगेच मागे आयलेट मारून घ्या किंवा बेल्टच्या पट्टीचे लूप शिवून घ्या. अंतर साठ ते सत्तर सेंटीमीटर. तुमची कड साडेसात मीटरच्या आसपास असेल तर अकरा-बारा हँक होतील. वरचा हँक हेडला (वरच्या कोपऱ्याला) आणि खालचा टॅकला जितका जवळ तितकं बरं, तिथे ताण जास्त. फडफडला झालर कमी दिसायला हवी असेल तर पन्नास सेंटीमीटर करा, पण मग पंधरा हँक लावत बसायला त्यालाच बोलवा.

आणि एक गोष्ट जी फॉइलमध्ये नीट होत नाही, ती नक्की करा: डाउनहॉल. तीन-चार मिलीमीटरची बारीक दोरी शिडाच्या हेडला बांधायची, हँकच्या आतून खाली आणायची, टॅकपाशी एक छोटी पुली, तिथून मागे कॉकपिटमध्ये. हॅलियार्ड सोडला आणि ही ओढली की शीड खाली येतं आणि खालीच राहतं. मेव्हण्याने पुढे जायचंच नाही. तुमचा मागचा रविवार या एका दोरीने झालाच नसता.

कोथरूडकर_७
सोमवार, दुपारी ४:३०

म्हणजे पडद्याची दोरी.

नाना_तांडेल
सोमवार, संध्याकाळी ७:००

कोथरूडकर, तुम्ही आता बोटीत या एकदा, तुमचं डोकं चालतं.

अर्धा_मालक
तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १०:००

झालं एकदाचं. लांबण लावतो, वाचा.

नवीन फोरस्टे मुंबईहून बनवून आणला, जुना सोबत नेऊन शेजारी शेजारी ताणून मोजला. श्राउड मोज्याने पुसले, मोजा नाही अडकला. हँक सॉफ्टच ठरवले, बारा मुलीने बनवले व्हिडिओ बघून, त्याआधीच्या चारच्या गाठी सुटल्या, ते आता तिच्या सॅकला की-चेन आहेत.

शिडाला लूप शिवायचे म्हणजे जाड मशीन हवं. रविवार पेठेत एक बॅगा शिवणारे काका आहेत, दुकान एवढंसं की जेनोआ आत उलगडताच येईना, अर्धा रस्त्यावर. काका म्हणाले मांडवाचं कापड का, गणपतीला अजून वेळ आहे. मी सांगितलं शिडाचं आहे, खडकवासल्याला बोट आहे. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, मग कापड बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाले हे सुती दोऱ्याने शिवू नका, उन्हात दोरा आधी मरतो, पॉलिस्टर घालतो. मी काही न सांगता! लूपच्या दोन्ही टोकांना चौकोनात फुली मारून शिवलं, सॅकच्या पट्ट्याला असते तशी. पैसे विचारले तर म्हणाले चाललं तर सांगा मग बघू.

आज पहिल्यांदा लावलं. दुपारी वारा दहा-बारा असेल. जेनोआ चढताना कुठेही अडकला नाही, मुलीने एकटीने ओढला. डाउनहॉल तीनदा करून बघितला, हॅलियार्ड सोड, ओढ, शीड खाली, नाळेवर ढीग, पाण्यात एक कोपरापण नाही. मेव्हणा कॉकपिटमध्ये पाय पसरून बसला होता आणि म्हणाला मग माझं काम काय आता.

पण एक खोट. शीड भरलं की सगळ्यात खालच्या हँकपासून मागे शीटच्या दिशेने एक आडवी घडी पडते, हातभर लांब. हॅलियार्ड ताणला तरी जात नाही, ढिला केला तरी नाही. बाकी अकरा हँकला काही नाही. फोटो जोडला आहे. रेस पुढच्या रविवारी आहे.

फडफड
शनिवार, रात्री १०:२०

झालर नाही ही. झालर सगळीकडे झाली असती.

डिंगी_दीदी
शनिवार, रात्री १०:४५

फोटो मोठा करून बघितला. आधी फॉइल होतं तेव्हा शिडाची कड तारेला चिकटून होती. आता सॉफ्ट हँकमुळे ती तारेपासून तीनेक सेंटीमीटर मागे उभी आहे, पूर्णच्या पूर्ण. पण टॅकची शॅकल तुम्ही जुन्याच जागी ठेवलीये, अगदी तारेच्या बुडाशी. म्हणजे कड वरून सरळ येते आणि शेवटच्या फुटात पुढे वळते, तो वळसा म्हणजे तुमची घडी. टॅक तेवढाच मागे यायला हवा. शॅकल आणि टॅकच्या मध्ये डायनीमाचा एक छोटा फास घाला, तीन सेंटीमीटरचा, आणि हॅलियार्डचा ताण पुन्हा जुळवून घ्या.

नाना_तांडेल
रविवार, सकाळी ६:१०

बरोबर. आणि फास घालूनही राहिली तर खालचा हँक एक बोट आखूड करा.

अर्धा_मालक
रविवार, सकाळी ७:३०

मुलगी म्हणते की-चेनवाल्या चारपैकी एक नीट बांधला तर बरोब्बर तीन सेंटीमीटर होतोय. निघालो.